बसला

शेवटच्या वाफ्याजवळची माती सतत ओली दिसू लागली, तेव्हा तिनं आधी दंवावर ढकललं. मग झारीवर. दंव असं एकाच जागी पडत नाही आणि झारी ती तिकडे नेतही नव्हती, हे तिला कळत होतंच. पण गळती मान्य केली की दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती म्हणजे नवऱ्याच्या हातचा शेवटचा जोड कापणं आलं. तो जाऊन अजून वर्षही उलटलं नव्हतं.

पलीकडची रोपं माना टाकायला लागली, तेव्हा तिनं दिराला बोलावून घेतलं.

दीर प्लंबर. या रोपवाटिकेच्या काळ्या पाइपावरून दोघा भावांचं कायम वाजायचं. थोरल्याची पद्धत जुनी. पाइपाचं टोक उकळत्या पाण्यात धरायचं, मऊ झालं की दातेरी तुकड्यावर रेटत न्यायचं, वरून एक क्लिप आवळायची. तुकड्याच्या मधल्या कडेला पाइप टेकला की जोड बसला. धाकट्याचा भरवसा आट्यांच्या कपलरवर. पाइप सरळ कापा, रबरी रिंगेच्या पार ढकला, नट फिरवा, विषय संपला.

“दादा, तू पाणी तापवत बस, तोवर मी चार घरचे नळ बसवून येतो,” दीर म्हणायचा. “अरे, हा नट दूधपितं पोरही फिरवील.”

“रिंग कडक झाली की तुझा कपलर रडायला लागतो. माझ्यात रबरच नाही, तर रुसणार कोण?”

ती दोघांच्याही भानगडीत पडत नसे. तिचं काम कलमं बांधण्याचं. तिनं झाडं जोडायची, नवऱ्यानं पाइप. पाणी मात्र तीच तापवून आणून द्यायची आणि मग टाकीपाशी जाऊन चावी सोडायची. तिकडून तो ओरडायचा, “बसला.” तेवढं ऐकलं की ती आपल्या कामाला लागायची.

दीर आला, चिखलात उकिडवा बसला. “वहिनी, तळंच केलंय की तुम्ही. बदकं कधी आणताय?”

ती कशीबशी हसली. “क्लिप आवळून बघा ना, भावजी. कापायला नको.”

त्यानं आवळली. पाण्याची बारीक धार उडून त्याच्या सदऱ्यावर आली. “रुतलीय आधीच. आणखी पिळली तर पाइप चिरेल.” त्यानं फडक्यानं चिखल पुसला आणि थांबला. “दोन क्लिपा? दादा तर म्हणायचा, दुसरी क्लिप म्हणजे पहिल्या चुकीवर पांघरूण.”

तिनं वाकून पाहिलं. पाइप कडेला टेकलाच नव्हता. मध्ये अंगठा मावेल एवढी फट होती आणि फटीत तुकड्याचे दाते उघडे पडले होते.

“घाई झाली असेल,” ती म्हणाली. ते दोघांनाही पटलं नाही.

दीर अलीकडच्या वाफ्याशी गेला आणि तिथली माती उकरू लागला. वाफे वाढत गेले तसा पाइप टाकीपासून पुढे आला होता, त्यामुळे अलीकडचा जोड आदल्या वर्षीचा. तो गळत नव्हता. पण तिथेही नखाएवढी फट होती. त्याच्याही अलीकडचा मात्र कडेला घट्ट भिडलेला, एकाच क्लिपेचा.

“आदल्या वर्षी तर दादाला काही झालंच नव्हतं,” दीर म्हणाला.

त्या वर्षी एकदा नवऱ्याच्या हातून कप निसटला होता आणि त्यानं कपाच्या कानाला नावं ठेवली होती. पाणी आणखी तापव, हवा गार आहे, असंही म्हणाला होता. हवा गार नव्हती.

करवत आणायला ती अवजारांच्या खोलीत गेली. पाणी तापवायच्या पातेल्यामागे काहीतरी निळं दिसलं. दीर वापरतो तसाच कपलर, आत पाइपाचा तुकडा. नट जेमतेम एक वेढा फिरलेला, आणि त्यावर पकड घसरल्याचे ओरखडे. एकमेकांवर, कितीतरी.

तिनं तो दिराच्या हातात ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला, दोन बोटांनी नट फिरवून पाहिला. नट फिरला.

“मी त्याला म्हणायचो, दूधपितं पोरही...” त्यानं तोंड फिरवलं.

“तुमच्यामुळे नाही, भावजी. तुम्ही निदान लांब होता. मी तर शेजारी पातेलं धरून उभी असायचे.”

धार मातीत झिरपत राहिली.

“कापा,” ती म्हणाली.

“आणि बाकीचे जोड?”

“गळेपर्यंत राहू देत.”

तिनं टाकीची चावी बंद केली. त्यानं जोड कापला, टोकं तासून गुळगुळीत केली, नव्या कपलरमध्ये दोन्हीकडून पाइप ढकलला आणि नटाला हात घातला.

“मी फिरवू?”

तो बाजूला सरकला. कलमांना दोर आवळणाऱ्या तिच्या हातांनी नट सहज फिरला, दुसराही फिरला. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. जरा कठीण असतं तर बरं झालं असतं. हे हात तेव्हाही इथेच होते. जरा धर, एवढंच म्हणायचं होतं त्यानं.

ती टाकीपाशी गेली, चावी सोडली. पाइपातून पाणी सळसळत गेलं. लांब वाफ्याशी दीर जोडावर वाकला, बोट फिरवून पाहिलं, आणि सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. नुसता हात वर केला.

पाणी पोचलं होतं. तरी ती चावीवर हात ठेवून ऐकत उभी राहिली.