भाड्याचा मामा

श्रीगोंद्याच्या बाजारात बनुबाईकडून मिरची घेणं सोपं होतं. बनुबाईला काही विकणं म्हणजे दगडातून तेल काढणं. तागडीचा दोष तिला डोळ्याआधी नाकाला कळतो, असं तिच्या शेजारी कांदे घेऊन बसणारा दाऊद म्हणायचा. भाव विचारल्याशिवाय तिनं कधी कोथिंबिरीच्या काडीला हात लावला नव्हता. चहाच्या टपरीवरसुद्धा आधी "कप केवढ्याचा?" आणि मग बूड टेकायचं.

एका माणसाचा भाव मात्र तिनं जन्मात विचारला नव्हता. न्हाव्याचा. विचारणार कसा? गावचा न्हावी बलुत्यावर. वर्षभर घरातल्या दाढ्या-डोकी करायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्य घेऊन जायचा. एका डोक्याचे किती, हा प्रश्नच त्या गावात कुणाच्या तोंडी कधी आला नव्हता. बनुबाईच्या हिशेबात एवढी एकच फट होती, आणि नेमका तिथूनच चोर शिरला.

झालं असं की नातवाचं जावळ बोरटेकच्या भैरोबाला काढीन, असा तिनं नवस बोलला होता. नातवाचं नाव काकासाहेब, वय अडीच वर्षं. जन्मल्यावर महिनाभर पोर तापानं फणफणत होतं, तेव्हाचा हा शब्द. तिसरं वर्ष सरायच्या आत केस देवाला गेले पाहिजेत. त्र्याहत्तर सालचा चैत्र, दुष्काळाचं दुसरं वर्ष, घरातली सगळी धडधाकट माणसं खडी फोडायला गेलेली. म्हणून बनुबाई आणि तिची सून पुष्पावती दोघीच पोराला घेऊन निघाल्या. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. पण पुष्पावतीचा भाऊ पार खर्ड्याला, आणि त्याचा मुकादम एका दिवसाची रजा द्यायला तयार नाही. मामा नाही, ही सल बनुबाईच्या मनात वाटभर टोचत होती.

बोरटेकला एसटी थांबली, तोच पांढऱ्या टोपीतला एक माणूस खिडकीशी हजर.

"मावशी, जावळ का? या, या. मी छगन. आपलाच समजा. पोराचा मामा कुटंय?"

"मामाला सवड न्हाई बाबा."

"मग मी काय मेलोय का? मी बसतो की मामा म्हनून! ताईला भाऊ आन पोराला मामा. देवाच्या दारात नातं जोडायला काय पैसं पडत्यात व्हय?"

बनुबाईच्या काळजावरचा धोंडाच उतरला. तरी सवय जाईना. तिनं विचारलं, "आन पान्याबिन्याचं काय पडंल?"

"समदं खुशीचं, मावशी. देवाच्या दारात भाव करत न्हाईत."

हे वाक्य कुणी बाजारात उच्चारलं असतं, तर बनुबाई पिशवी उचलून चालू लागली असती. पण हे देवाचं काम, तेही न्हाव्याचं. ती गप्प बसली.

टेकडीच्या पायऱ्यांजवळ लिंबाखाली चार-पाच न्हावी बसले होते. छगननं एका वाळक्या म्हाताऱ्यापुढं फतकल मारली आणि काकासाहेबाला मांडीवर घेतलं. तांब्याभर पाण्यानं डोकं भिजलं. वस्तरा उजव्या कानापासून वर सरकला, टाळूपर्यंत गेला. केस पुष्पावतीच्या पदरात पडले. अर्धं डोकं झालं, आणि म्हाताऱ्यानं वस्तरा पुसून खाली ठेवला.

"का रं थांबला?" बनुबाईनं विचारलं.

म्हातारा मान खाली घालून बसला. बोलला तो छगन. पोर मांडीवरून उतरवत, धोतर झाडत म्हणाला, "आता खुशी द्या, मावशी. पान्याचा एक, वस्तऱ्याचे पाच, मामाच्या मानाचे पाच. अकरा."

आपण नीट ऐकलं असं बनुबाईला आधी वाटेचना. कनवटीला बारा रुपये. त्यातले सात परतीच्या तिकिटांचे, पाच नारळ-नैवेद्याचे. अकरा रुपये म्हणजे दुष्काळी कामावर चार दिवस उन्हात खडी फोडणं. हा हिशेब डोक्यात एका दमात झाला, आणि मग पायापासून आग चढली.

"आर मुडद्या! खुशी म्हनला हुतास न्हवं?"

"खुशीच हाय की. न्हाई खुशी, तर न्या तसंच."

तसंच म्हणजे काय, ते समोर उभं होतं. काकासाहेबाचं डोकं एका बाजूनं तुळतुळीत, दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत जावळ. नवस अर्धा. असं पोर घरी नेलं, तर गाव हसेल ते हसेल. देवाचा शब्द मोडला, हे बनुबाईला मरेपर्यंत खात बसेल. छगनला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा सगळा धंदाच त्या उरलेल्या अर्ध्या डोक्यावर उभा होता.

ती शेजारच्या न्हाव्याकडं गेली. तो म्हणाला, "दुसऱ्यानं धरलेलं डोकं आमी धरत न्हाई." त्याच्या पलीकडचा तर वळूनही बघेना.

पुष्पावती कानाशी कुजबुजली, "आत्याबाई, देऊन टाकू. चालत जाऊ नगरापत्तर."

"चालत? ह्याच्या बापाचं खाल्लंय का आपुन?"

बनुबाईनं पोराला उचललं, पायऱ्यांच्या ऐन तोंडाशी नेऊन उभं केलं आणि तीस वर्षं बाजारात तापलेला गळा मोकळा सोडला.

"या बया, या बापा! बोरटेकचा भाव ऐकून जा! आर्दं डोकं खुशीत, उरलेलं आर्दं अकरा रुपयं! माल बघून घ्या, ह्यो बघा माल! इकडनं बोडका, तिकडनं जटाधारी!"

काकासाहेबाला आजीचा हा खेळ आवडला. तो टाळ्या पिटू लागला. चढणारे थांबले. पोरं कडेवर घेतलेल्या दोन बाया न्हाव्यांकडं वळल्या होत्या, त्या तिथूनच मागं फिरल्या. कोल्हारकडचा एक शेतकरी, आपलं ताजं बोडकं पोर खांद्यावर घेतलेला, जवळ येऊन म्हणाला, "अकराच? ह्यानं माझ्याकडनं पंधरा काढलं की! सख्खा मामा संगं असून!"

"मावशे, गप ऱ्हा," छगन दात खात म्हणाला. "भैरोबा कडक हाय. पोरावर कोप हुईल."

हे मात्र त्यानं बोलायला नको होतं. बनुबाईचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खालचा आवाज वरच्याहून वाईट होता.

"कोप? तापात पोर जळत हुतं तवा म्या देवाला हाक मारली. तुला न्हाई. देव आन तू एका ताटात जेवता का रं? माज्या नातवाचं नाव काढशील, तर तुजी जीभ भाजक्या मिरचीवानी कुटीन."

छगन हसला. तो वळला आणि लिंबाखाली आपल्या जागी जाऊन बसला.

तेव्हा पुष्पावती पुढं आली. लग्नाला पाच वर्षं झाली. सासूसमोर तिनं उंच आवाजात पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. तिनं पोराला उचललं आणि छगनच्या मांडीवर आणून ठेवलं.

"दादा, मामाच्या मानाचं पाच म्हनलात न्हवं?"

"व्हय. मग?"

"आमच्या खर्ड्याकडं मामा मान घेत न्हाई, देतो. भाच्याला आंगडं-टोपडं, बहिनीला चोळी. आन जावळ पुरं झाल्याबिगर भाच्याला मांडीवरनं उतरवत न्हाईत. तुमच्याकडं उतरवत्यात का?"

गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं. फुलं विकणारी दगडाबाई, बोरटेकचीच म्हातारी, परडी सरकवत ओरडली, "छगन्या! भाचा आर्दबोडका टाकून कुटं निघालास रं? तुज्या आईला सांगू का?"

आता गर्दीच हसायला लागली. छगननं उठायचा प्रयत्न केला. काकासाहेबानं त्याची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. परक्यांच्या शिव्या त्यानं रोजच पचवल्या असतील. गावचीच बाई देवासमोर नातं मोजायला लागली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं म्हाताऱ्याकडं न बघता नुसती बोटं हलवली.

वस्तरा पुन्हा चालला. डोकं पुरं झालं.

बनुबाईनं कनवटीचा सव्वा रुपया काढला आणि छगनचा पुढं आलेला हात ओलांडून म्हाताऱ्याच्या तळव्यावर ठेवला.

"अकरातलं तुला किती देतो ह्यो?"

म्हातारा पुटपुटला, "आठ आनं."

"आठ आनं? आन त्येवड्यासाठी तू लेकराचं डोकं आर्दं ठिवतोस?"

म्हातारा वस्तरा पुसायला लागला. बनुबाईला त्याची कीवही आली असती, पण त्या दिवशी तिच्याकडं रागाखेरीज दुसरं काही शिल्लक नव्हतं. मागं कोल्हारच्या शेतकऱ्यानं छगनचं मनगट धरलं होतं. "माझं पंधरा काड" म्हणत होता, आणि त्याच्यामागं आणखी तिघेजण उभे होते. सोडवायला कुणी गेलं नाही. बनुबाईही नाही.

ती वर गेली. केस देवापुढं ठेवले, पोराला पायांवर घातलं. हात जोडले. नवस फेडताना बोलायचे चार शब्द तिनं एसटीत घोळवून ठेवले होते. त्यातला एकही ओठावर येईना. शेंदूर माखलेल्या भैरोबाच्या मोठ्या डोळ्यांना तिनं डोळे भिडवले.

"तुज्या पायरीवर बसून लेकरं आर्दी बोडतोय त्यो," ती म्हणाली, मोठ्यानं, पुजारी दचकेल एवढ्या मोठ्यानं. "तुला वरनं समदं दिसतं. मग इतकी वर्सं बघत काय बसलास?"

पुष्पावतीनं तिचा पदर हलकेच ओढला. एसटीची वेळ झाली होती. बनुबाईनं नातवाला कमरेवर घेतलं आणि देवाकडं पाठ करून पायऱ्या उतरायला लागली.