लाभ, दोन, तीन

महेश्वर सरांनी छडी स्टँडवर टकटक आपटली आणि तीस वाद्यं एकेक करत गप्प झाली. सर्वांत शेवटी थांबलं ते सुमितचं क्लॅरिनेट. सुमितला कुठलीच गोष्ट वेळेवर थांबवता येत नसे.

"धनलक्ष्मी," सर म्हणाले, "पुन्हा तेच."

धनलक्ष्मीने चेलोच्या तारांवरून गज उचलला. तेच म्हणजे काय, हे तिला विचारावं लागलं नाही. रचनेच्या मध्यावर सगळा वृंद थांबायचा आणि आठ आवर्तनं एकटा चेलो वाजायचा, चार-चार मात्रांची. मग सगळ्यांनी पहिल्या मात्रेवर एकदम शिरायचं. सगळ्यांबरोबर असताना तिचा हात घड्याळासारखा चाले. एकटी पडली की मात्र प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा जराशी लांबायची. आठ आवर्तनांत ते जरासं साचत जाई, आणि उरलेले एकोणतीस जण एकाच दारातून घुसायला निघाल्यासारखे एकमेकांवर आदळत.

सरांनी तिला मोठ्याने मोजून दाखवायला सांगितलं. तिने मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. सरांनी थोडी वाट पाहिली. मग आवाज न चढवता म्हणाले, की रविवारी आपला पहिला जाहीर कार्यक्रम आहे. गुरुवारपर्यंत हे सुधारलं नाही, तर ती आठ आवर्तनं कीबोर्डकडे जातील.

सरांना चूक सापडत नव्हती. धनलक्ष्मीला ती पहिलीपासून ठाऊक होती.

तिचे वडील, मल्लप्पा, मार्केट यार्डात बावीस वर्षं हमाली करत होते. पोती मोजताना तिथे पहिल्याला कुणी एक म्हणत नाही. पहिल्याला म्हणायचं लाभ, मग दोन, मग तीन. मोजणीची सुरुवात चांगल्या शब्दाने व्हावी, एवढाच त्यातला हिशेब. कांद्याच्या पोत्यांवर बसून ती मोजायला शिकली, आणि घरी टोपलीतल्या भाकऱ्यासुद्धा लाभपासूनच मोजल्या जात. पहिलीच्या वर्गात बाईंनी फळ्यावरच्या पहिल्या आकड्यावर छडी ठेवली, तेव्हा धनलक्ष्मी खणखणीत आवाजात म्हणाली होती, लाभ. वर्ग हसला. बाईही हसल्या. मधल्या सुट्टीत तेच तिचं नाव पडलं आणि चौथीपर्यंत पुरलं. तेव्हा तिने कानाला खडा लावला, की आता मोजायचं ते मनात. ओठ बंद झाले. आतला आकडा तसाच राहिला.

चेलो सरांच्या क्लासचा होता, पण सरावासाठी तिला घरी न्यायची परवानगी होती. भवानी पेठेतल्या घरापासून क्लासपर्यंत तो मल्लप्पा पाठीवरून आणत. पोत्यापुढं ह्ये काय वजन हाय व्हय, असं म्हणत. मात्र क्लासच्या अलीकडच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आलं की ती म्हणे, इथून मी नेते. मग ते चेलो अलगद उतरवत, कपाळाचा घाम टॉवेलने पुसत आणि माघारी फिरत. इथूनच का, हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला कधीकधी वाटे.

त्या सोमवारी संध्याकाळी मल्लप्पा कोपऱ्यावर न्यायला आले, तेव्हा घरी जाताना तिनेच विचारलं.

"अप्पा, पयल्या पोत्याला लाभ येवढं लांबवून का म्हणता वो?"

मल्लप्पा चार पावलं चालले. असं कुणी कधी विचारलं नसावं.

"पोतं पाठीवर बसंस्तवर म्हनायचं," ते म्हणाले. "पयलं नीट बसलं की मागली आपसूक बसत्यात. त्येला घाई करून भागत न्हाय."

धनलक्ष्मीने तरीही घाई केली. तीन दिवस मोबाइलवर टिकटिक लावून ती एक, दोन, तीन, चार घोकत राहिली. सुरुवातीला जीभ अडखळली, मग वळली. बुधवारपर्यंत पहिली मात्रा बाकीच्या तिन्हींच्या मापात आली. वाजवताना मात्र तिला दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी आठही आवर्तनं तिने बिनचूक वाजवली. वृंद वेळेवर शिरला. कुणी कुणावर आदळलं नाही.

"बरोबर," सर म्हणाले. पण छडीने हनुवटी खाजवत ते उभेच राहिले. खरं तर कुणाच्याच चेहऱ्यावर फारसा आनंद नव्हता. "आता सोमवारी वाजवलंस तसं एकदा वाजव. आणि या वेळी मोठ्याने मोज."

आता गप्प राहून चालणार होतं. आवर्तनं तिचीच राहिली होती. विसरले, सर, असं म्हटलं असतं तरी विषय संपला असता. धनलक्ष्मीने गज तारेवर ठेवला. तिला कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान आठवलं, आणि स्वतःची लाज वाटली.

"लाभ," ती म्हणाली, आणि स्वर लांबत गेला. "दोन, तीन, चार. लाभ..."

सुमित फिसकन हसला. ती थांबली नाही. आठ आवर्तनं पुरी केली, गज मांडीवर ठेवला आणि कुणी विचारण्याआधीच सांगून टाकलं.

"माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, सर. आम्ही पहिल्याला एक म्हणत नाही. पोतं पाठीवर नीट बसेपर्यंत लाभ म्हणतो."

सरांनी सगळ्यांना पेन्सिली काढायला सांगितल्या. त्या आठ आवर्तनांत प्रत्येक पहिल्या मात्रेखाली लाभ लिहायचं, आणि ती मात्रा धनलक्ष्मी ठेवील तेवढी लांब.

"भ भटजीचा ना, सर?" सुमितने विचारलं.

"भ भोपळ्याचा. लिही."

मग सरांनी सगळ्यांना तोंडाने मोजायला लावलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा कमी आलं, चौथ्यांदा आलंच नाही.

रविवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानापाशी मल्लप्पा सवयीने थांबले आणि चेलो उतरवायला वाकले.

"आत चला की, अप्पा," ती म्हणाली.

मल्लप्पांनी आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं, चेलोचा पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला आणि चालू लागले. क्लासशेजारच्या नाट्यगृहाच्या मंचापर्यंत त्यांनी तो पोहोचवला. भेटेल त्याला धनलक्ष्मी सांगत होती, हे माझे वडील. सुमितला तर तिने दोनदा सांगितलं.

कार्यक्रमात ते पुढच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आठ आवर्तनं आली तेव्हा सरांनी छडी खाली घेतली आणि ते नुसते उभे राहिले. पहिली मात्रा तिने हवी तेवढी लांबवली, नीट बसू दिली. मागून एकोणतीस जण एका पावलाने आत आले. तिला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, आणि तो एकटीचा नव्हता. मंचावरच्या नोटेशनच्या कागदांवर पेन्सिलीने काय लिहिलंय, हे मल्लप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. टाळ्या संपल्यावर ते एवढंच म्हणाले, चांगलं झालं की.

नोटेशनचे स्टँड एका शाळेकडून मागून आणले होते. ते परत करायला दारात टेम्पो उभा होता आणि पोरं स्टँड कसेही आत फेकत होती. मल्लप्पांना ते बघवेना. त्यांनी सगळे बाहेर काढायला लावले, पोरांना रांगेत उभं केलं आणि खांद्यावरचा टॉवेल सारखा करून स्वतः टेम्पोत चढले. पहिला स्टँड सुमितच्या हातून घेतला.

"लाभ..." ते सवयीने म्हणाले. स्टँड टेम्पोच्या कडेला टेकेपर्यंत तो शब्द लांबला. स्टँड नीट बसला.

"दोन," सगळी पोरं एकदम म्हणाली.

मल्लप्पा वळले. त्यांनी पोरांकडे पाहिलं, दारात उभ्या सरांकडे पाहिलं आणि मग रांगेत दुसरा स्टँड धरून उभ्या असलेल्या मुलीकडे.

"ह्यास्नी कुनी शिकवलं गं?"

"तुमीच की, अप्पा."

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग वाकून दुसऱ्या स्टँडसाठी हात पुढे केला.