न झोंबणारी बाटली

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. शाळेत ती दोनच वर्षं गेली होती, पण स्वच्छतेच्या बाबतीत तिनं भल्याभल्या शिकलेल्यांचे कान उपटले होते. तिची भांडी अशी लख्ख असत की त्यांत बघून भांग पाडावा. साथ आली, रस्ते ओस पडले, माणूस माणसाला बघून वाट बदलू लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं हुकूम काढला. नवऱ्याच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही.

नवऱ्याच्या छातीची आधीच चाळण झाली होती. उभा जन्म कापूस पिंजायच्या कारखान्यात गेला. तिथला तंतू न् तंतू फुप्फुसात जाऊन बसलेला. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, यांना साथ लागली तर आमच्या हातात काही राहणार नाही. ते बोलणं तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. जेवताना, झाडताना, पाणी भरताना ते टोचायचं.

मुलगा कामाच्या गावी अडकून पडलेला. घरात ती, नवरा आणि सून. सून औषधांच्या दुकानात कामाला. दिवसभर खोकणारी, शिंकणारी माणसं समोर. त्यामुळं बिचारी मागच्या दारानं यायची, अंघोळ करायची आणि पुढच्या खोलीत एकटी झोपायची. सासऱ्याचं तोंड तिनं महिनाभर दारातूनच पाहिलं होतं.

हात साफ करायचं औषध बाजारात औषधालाही मिळेना. सुनेनं मालकाच्या हातापाया पडून स्पिरिटचा एक डबा मिळवला आणि घरी कसं करायचं ते सासूला समजावून सांगितलं. तीन वाट्या स्पिरिट, एक वाटी कोरफडीचा गर, हलवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. घरात असताना मात्र साबणच वापरा, हे तर तिनं दोनदा सांगितलं. फौजदारीण म्हणाली, मला शिकवू नकोस, तू जन्मायच्या आधीपासून हात धुतेय मी.

मिसळायला काय लागतं? तिनं मिसळलं. पण त्या उग्र वासानं नवऱ्याला अशी उबळ आली की डोळे पांढरे झाले. शिवाय भांडी घासून घासून तिच्या हातांना भेगा पडलेल्या. त्यांत ते औषध गेलं तशी ती जागच्या जागी नाचली. सून दुकानात होती. मग फौजदारिणीनं आपली अक्कल चालवली. दूध असो की पाणी, उकळल्याशिवाय शुद्ध होत नाही, हे काही तिला शाळेत शिकावं लागलं नव्हतं. स्पिरिट पेट घेतं हेही ती जाणून होती. जन्मभर स्टोव्ह त्याच्यावरच पेटवला होता. म्हणून तिनं पातेलं परसात नेलं, उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवलं आणि वर पातळ फडकं बांधलं. पाणी निवलं की ओतायचं, नवं उकळतं घालायचं. दिवस कलेपर्यंत चार वेळा. वास मेला. जे आटलं होतं ते तिनं उकळून गार केलेल्या पाण्यानं भरून काढलं. हाताला लावून बघितलं तर कसं गार आणि मऊ, झोंबायचं नाव नाही.

मग काय, फौजदारिणीचा हात सैलच. एक बाटली शेजारच्या शिंपिणीला, एक दूधवाल्याला. हा दूधवाला म्हणजे तिचा जुना वैरी; दुधात पाणी घालतो म्हणून रोज तिची बोलणी खायचा. बाटली घेताना तो म्हणाला, "मावशी, आता तुमच्या जिवावर दारोदार फिरतो." तिनं त्याला हसून हाकललं होतं.

नऊ दिवस तिनं त्या बाटलीवर काढले. साबण भेगांत झोंबायचा. मोरीतली वडी वाळून तडकली तरी तिला गरज भासली नाही. दूध घेतलं की चोळ, भाजी निवडली की चोळ, आणि मग आत जाऊन नवऱ्याच्या जिभेवर गोळी ठेव.

दहाव्या दिवशी सकाळी दूध आलं नाही. शिंपिणीनं खिडकीतूनच सांगितलं, काल त्याला गाडीतून नेलं. चार दिवस ताप अंगावर काढत होता, आता श्वास पुरत नाही.

फौजदारीण मनात दिवस मोजू लागली. परवाच तिनं त्याच्या हातून किटली घेतली होती. बोटाला बोट लागलं होतं. तिथून ती सरळ आत गेली होती, नवऱ्याचं तोंड पुसायला. पण मध्ये बाटली चोळली होती की. चोळली होती, दोनदा चोळली होती. हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगत राहिली की चुलीवरचं पाणी आटून पातेलं करपलं.

दुपारी सून आली ती धास्तावलेलीच. दूधवाल्याचं तिच्याही कानावर गेलं होतं. दारातूनच तिनं विचारलं, हात साबणानं धुताय ना?

"साबण कशाला? माझ्या बाटलीपुढं साबणाची काय मिजास! आणि तुझ्यासारखं नाही केलेलं. माझं झोंबत नाही."

सुनेचा हात कडीवरच राहिला. "झोंबत नाही? त्या भेगांना?"

फौजदारिणीला राग आला. आपल्या हातच्या वस्तूवर सुनेनं शंका घ्यावी, हे तिच्या बापजन्मी घडलं नव्हतं. ती तरातरा गेली, जुन्या स्टोव्हचा काकडा शोधून आणला, बाटलीत बुडवून चिंब केला आणि सुनेच्या देखत काडी ओढली. चांगल्या स्पिरिटचा काकडा भप्पकन निळा पेटतो. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

काडी चर्र करून विझली.

तिनं दुसरी ओढली. मग तिसरी. दोन्हीही तशाच चर्र करून विझल्या.

काय केलंत, असं सुनेनं हळू आवाजात विचारलं. फौजदारिणीनं घमेलं, फडकं, चार वेळचं पाणी, सगळं सांगितलं.

"उकळल्यावर दूध मागं राहतं, आई," सून म्हणाली. "स्पिरिट उडून जातं."

 सुनेनं चार शब्द सुनावले असते, तर फौजदारिणीला भांडता तरी आलं असतं. भांडायला जागाच नव्हती. नऊ दिवस. दिवसाला तीन गोळ्या, प्रत्येक गोळी या बोटांनी. आणि तो दूधवाला त्याच पाण्यानं हात ओले करून किती दारांत उभा राहिला असेल?

ती खिडकीपाशी गेली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा आवाज. आज शिंपिणीला दोनदा हाक मारावी लागली.

"ती बाटली ओतून टाक. माझं चुकलं. नुसतं पाणी आहे ते. साबणानं धू, पोरांचे पण धू."

शिंपीण बघतच राहिली. फौजदारिणीच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द गल्लीनं कधी ऐकला नव्हता.

मोरीत जाऊन तिनं तडकलेली वडी भिजवली आणि कोपरापर्यंत हात घासले. भेगाभेगांत आग उठली. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती थांबली नाही. मग सुनेला म्हणाली, तू दुकानातून सुट्टी घे, अंघोळ कर, तोंड बांध आणि आजपासून त्यांचं सगळं तू बघ. निळी गोळी जेवणाआधी, पांढरी नंतर. उशी दोन्ही बाजूंनी लाव, आडवं झालं की त्यांना धाप लागते. बोलता बोलता तिनं हात अंगापासून लांब धरले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

तेवढ्यात आतून नवऱ्यानं पाणी मागितलं. ती सवयीनं उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली.

"अगं, कुठं राहिलीस?"

"इथंच आहे. आत येणार नाही."

"का गं?"

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कशाचं कारण दिलं नव्हतं. आज उंबऱ्याबाहेर उभं राहून तिनं सगळं सांगितलं, दूधवाल्यासकट. तो ऐकत होता. मग काही बोलायला गेला आणि खोकला.

त्याचा खोकला तिला पाठ होता. कारखान्याचा कोणता, गारठ्याचा कोणता, घास अडकल्याचा कोणता, हे ती स्वयंपाकघरातून ओळखायची. चौकटीला कान लावून ती ऐकत राहिली. तो पुन्हा खोकला, लांब, कोरडा.

हा कोणता, ते तिला कळेना.