शेवटची दोन पानं

झुल्फिकार पेंटर चौथी नापास. पुढची अक्षरं त्यानं भोरच्या दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता गिरवली, आणि ती वाचायला शिकवलं थोरल्या बहिणीनं, नसरीननं. असला माणूस नाटकं लिहितो म्हटल्यावर शहाण्यांच्या पोटात दुखणारच. दुखू दे. नाटक त्याचं, पडदेही त्यानंच रंगवलेले.

यंदा कामथडीच्या जत्रेत त्याचं नवं नाटक होतं. हायवेलगतच्या जमिनीला भाव येतो, भाऊ हक्कसोडीच्या सहीसाठी बहिणीला कचेरीत आणतो आणि शेवटी ती सही करत नाही.

तालमीला जत्रा कमिटीचे अध्यक्ष आनंदराव आले. त्यांच्या बहिणीची, बनाबाईची, असलीच सही येत्या सोमवारी व्हायची होती. त्यांनी नाटकाची वही घेतली आणि शेवटची दोन पानं टराटरा फाडली.

"बहीन सही करती आन पडदा पडतो. आपल्यात असंच असतंय."

"तसं न्हाई व्हनार, आनंदराव."

"तुझ्या बहिनीनं घरावरची सही दिलीच की रं. तवा कुठं गेलतं तुझं नाटक?"

हे वर्मी लागलं. नसरीननं सही दिली होती आणि झुल्फिकारनं ती खाली मान घालून घेतली होती. त्याची त्याला अजून लाज वाटायची.

"दिली. म्हनूनच लिवलंय," तो म्हणाला.

आनंदराव पानं खिशात घालून गेले. पण गावच्या नाटकात पाठांतर कुणाचंच धड नसतं, विंगेतला प्रॉम्प्टर सांगेल तेच नट बोलतात, हे ते विसरले. प्रॉम्प्टर झुल्फिकारच होता.

जत्रेच्या संध्याकाळी शेवटचा प्रवेश आला. मागं कचेरीचा पडदा, टेबलावर कागद. बहिणीचं काम करणाऱ्या नूतननं, भोंगवलीच्या अंगणवाडीताईनं, पेन उचललं.

"म्या सही करनार न्हाई," विंगेतून आवाज आला.

नूतननं वळून बघितलं. झुल्फिकारनं तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिनं पेन खाली ठेवलं आणि वाक्य असं खणखणीत टाकलं, की मागं दंगा करणारी पोरंही गप्प झाली.

आनंदराव ताडकन उठले. "पडदा पाडा."

दोरी गेनबाच्या हातात होती. त्यानं ती सोडायच्या आत बायकांच्या घोळक्यातून बनाबाई उभी राहिली. साठीची बाई, उभ्या जन्मात भावापुढं शब्द काढला नव्हता.

"ऱ्हाऊ दे पडदा," ती गेनबाला म्हणाली. मग भावाकडं वळली. "दादा, सोमवारी गाडी पाठवू नगा. म्या येनार न्हाई."