मेथीच्या डब्यातली गोळी

मी शुगरची गोळी बोलतेय. हो, तीच, पांढरी, लांबट. दुकानदार नाव पुरतं न ऐकताच काढून देतो ती. आमचं घराणं जुनं, थाट काही नाही. त्यामुळे आमच्याकडे कुणी वळून बघत नसे.

अलीकडे मात्र बघायला लागलेत. जुनी, स्वस्त औषधं कॅन्सरवरही काही काम करतात का, हे डॉक्टर तपासताहेत, आणि त्यांत मीही आहे. खोटं कशाला बोलू, मी चांगलीच फुगले होते.

माझी पट्टी जबलपूरला, महाराजपुरात टिकारामांच्या घरी आली. ते फॅक्टरीतून रिटायर झालेले, शुगरचे जुने पेशंट. त्यांच्या बायकोला, भीमाबाईंना, स्तनाचा कॅन्सर. इलाजासोबत त्या या तपासणीतही सामील झाल्या होत्या. डॉक्टर विनतांनी बाटली देताना स्वच्छ सांगितलं होतं, "अर्ध्या बाटल्यांत खरी गोळी आहे, अर्ध्यांत नुसती तशी दिसणारी. कुणाला कुठली, ते मलाही माहीत नाही. वरून दुसरी गोळी मात्र घेऊ नका."

हिच्या बाटलीत नुसती तशी दिसणारीच निघाली तर? टिकारामांच्या जिवाला तेच लागलं. रोज सकाळी चहाबरोबर ते आपली गोळी तिच्या हातावर ठेवू लागले. दुसरी पट्टी सहज आणता आली असती. पण आपल्या वाट्याचं दिलं तरच ते लागू पडतं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एके दिवशी माझी पाळी आली.

"घे, एकताची माय. ही त पक्की असली आहे."

"अन् तुमची?"

"माह्याजवळ ढेर आहेत."

भीमाबाईंनी हात तोंडाशी नेला, पाणी प्यायल्या. मी मुठीतच. ते अंगणात जाताच त्यांनी मला मेथीदाण्याच्या डब्यात टाकलं. तिथे माझ्या कितीतरी बहिणी आधीच पडलेल्या! मला असा राग आला म्हणून सांगू.

त्यांच्या मुलीने, एकताने, ते पाहिलं. "आई, काहून लपवून राहिली?"

"डॉक्टर दीदीले शब्द दिला न. मी चोरून खाल्ली त माहा हिसाब खोटा निघंल. मंग पुढच्या बाईले काय सांगतील त्या?"

"त बाबांना मना कर ना."

"नाही व. तेवढ्यावरच जगून राहिले ते. देऊ दे."

माझा राग तिथेच विरला.

मार्चमध्ये भीमाबाई गेल्या. आज भाजीला मेथी हवी म्हणून एकताने डबा उघडला आणि टिकाराम मागेच उभे होते.

"एकही नाही घेतली तिनं?" ते खालीच बसले. एकताने सगळं सांगितलं. ते हुंदके देत म्हणाले, "मी काहीच नाही देऊ शकलो तिले. काहीच नाही."

एकताची नजर त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे गेली. तिथली जखम दोन महिने भरत नव्हती. "बाबा, म्हणजे तुम्ही स्वतः घेतच नव्हते?"

त्यांनी डब्यात हात घालून मला उचललं. आता मी त्यांच्या मुठीत आहे आणि एकता पाण्याचा पेला धरून रडतेय.

टिकारामजी, भीमाबाईंच्या बाटलीत मी होते की नव्हते, ते तपासणी संपल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. मी त्यांना वाचवलं असतं का, मला ठाऊक नाही. पुढच्या बाईसाठी भीमाबाई तेच तर विचारायला गेल्या होत्या. पण तुमची शुगर मी ओळखते. तुम्ही दिलेलं त्यांनी फेकलं नाही हो, जपून ठेवलं. माझ्या अंगाला अजून त्यांच्या मेथीचा वास आहे. मूठ उघडा. मला घ्या.