भांडी कोणाच्या खाती

घरात कसलाही आवाज झाला की तो वहिनीच्या खाती मांडायची रीत होती. त्यामुळे ऑनलाइन गेम चालू असताना सगळ्या टीमच्या हेडफोनात भांडी आदळली, तेव्हा चौकशी कुणी केलीच नाही.

"वहिनी, म्यूट करा," पैलवान म्हणाला. अंगाने काडी, म्हणून पैलवान.

"मी माझ्या खोलीत आहे. दार लावून."

"मग खोलीत भांडी कशी?" चश्मिसने विचारलं, आणि लाइनवर हशा पिकला.

टीमचा कॅप्टन तिचा दीर. तो शेजारच्याच खोलीत बसून न्यायाधीशाच्या सुरात म्हणाला, "वहिनी, रविवारच्या मॅचला तुम्ही खेळा, पण बोलू नका. काही सांगायचं असलं तर टाइप करा."

आता शत्रू कुठून येतोय हे टीममध्ये सगळ्यात आधी दिसायचं ते तिलाच. त्यात नोकरी बस स्टँडवर घोषणा करण्याची. दिवसभर गर्दीला बरोबर फलाटावर धाडायची. तिला टाइप करा म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला पुलावरून या म्हणण्यासारखं.

तिने वाद घातला नाही. ती माइक आणायला गेली.

दुकानदाराने आधी रंगीत दिव्यांचा माइक पुढे केला. "सध्या हाच चालतो. तुमचे दीरही हाच घेऊन गेले."

"दिवे ऐकू येतात का?"

मग त्याने दुसरा डबा काढला. "यातून बाईचा आवाज पुरुषासारखा जातो, ताई. मग कुणी त्रास देत नाही."

"आणि त्रास देणाऱ्यांचा आवाज कशाने बदलतो?"

डबा गुपचूप फळीवर गेला. स्टँडवर असतो तसला, बिनदिव्याचा, फक्त समोरचं ऐकणारा माइक घेऊन ती घरी आली. तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका लावला, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर थेट आत जात नाही. पंखा बंद केला. बटण दाबलं तरच बोलणं जाईल असं सेटिंग केलं, आणि चाचणी घेऊन स्वतःलाच ऐकलं. एकटी ती, बाकी शून्य.

रविवारी सगळे जमल्यावर ती म्हणाली, "मी बोलणार आहे."

तेवढ्यात भांडी आदळली.

"झालं सुरू," पैलवान म्हणाला.

"मी बटण सोडतेय. आता ऐका."

ती गप्प झाली. भांडी वाजतच राहिली. पाठोपाठ एक पुरुषी आवाज आला, "अरे, घासणी कुणी उचलली?"

"हे कोण?" चश्मिस दचकला.

"ते आमचे हे," वहिनीने बटण दाबून सांगितलं. "सुट्टीच्या दिवशी भांडी त्यांच्याकडे असतात."

"पण कॅप्टन, बोलण्याची खूण तर तुझ्या नावापुढे उजळतेय," चश्मिस म्हणाला.

ती आधीही उजळत असणार. पण हिशेब एकदा मांडून झाला की पावती कोण बघतो?

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुमच्या माइकच्या दिव्यांची बाजू दाराकडे आहे ना? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून? त्याचा कानही त्याच बाजूला आहे. दारासमोर स्वयंपाकघर."

"मला वाटलं तो मागूनही घेतो."

"घेतो. पाठीला ऐकू येतं तेवढं."

पैलवान एकटाच हसला आणि मधेच थांबला.

"बरं, माझी चूक," भाऊजी म्हणाले. "तरी मॅचमध्ये जरा बेतानेच बोला. पोरं गडबडतात."

"बेत मी ठरवीन. ज्याला माझं ऐकायचं नाही त्याने मला म्यूट करावं, बटण प्रत्येकाकडे आहे. मग पाठीत गोळी बसली की टाइप करून विचारावं, कुठून आली."

म्यूटचं बटण कुणी दाबलं नाही. पडद्यावर मॅच सुरू झाली, आणि वहिनीने स्टँडवरचा तो ठेवणीतला आवाज काढला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. पुलाच्या डाव्या अंगाने तिघं येतायत. पैलवान, गच्ची. चश्मिस, जिना. आणि भाऊजी, तुम्ही आधी माइक फिरवा."

लाइनवर खुर्ची करकरली. भांडी बंद झाली.