कुलपातले डबे

सकाळपासून माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. फोन वाजला की धाकटी बहीण, आणि नाही वाजला तरी डोक्यात तीच.

"ताई, मिळाला का डबा?"

"शोधतेय ना गं! जीव नको खाऊस."

ती कशाला माझा जीव खाईल? तिच्या तान्ह्या पोरीला वरचं कुठलंच दूध सोसत नाही. अंगभर पुरळ उठतं, उलट्या होतात, रडून रडून काळीनिळी होते. डॉक्टरांनी तिला एकाच परदेशी पावडरीवर ठेवलंय. घरातला शेवटचा डबा तळाला गेला होता आणि बाजारात औषधालासुद्धा डबा नव्हता. का नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी कस्टममधून माल सोडवून देणारी एजंट. या पावडरीवरचा आयात कर लवकरच निम्मा होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मीच आमच्या आयातदारांना फोन केला होता. "इतक्यात सोडवू नका. बंदरावरच्या कस्टमच्या कुलपातल्या गोदामात राहू द्या. माल बाहेर काढाल त्या दिवसाचा दर लागतो. घाई कशाला?" ते म्हणाले, "हुशार आहात हं बाई!" आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. आमच्या धंद्यातला प्रत्येक एजंट तेवढाच हुशार निघाला. सगळ्यांनी हाच सल्ला दिला आणि सगळ्यांचे डबे कुलपात जाऊन बसले.

चौथ्या दुकानातला दुकानदार वैतागला होता. "माल बंदरावर आहे हो. कोण मेले दाबून बसलेत देव जाणे!"

"हो ना," म्हणून मी पाय काढता घेतला. तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

तिथून तडक आयातदारांकडे. पाठीमागे आम्ही त्यांना सबुरीशेठ म्हणतो.

"शेठ, एक खोकं सोडवा. भाचीसाठी."

"सबुरी, बाई! दर उतरू द्या. आत्ता काढलं तर बाजारात हसतील मला."

"मग त्या पोरीच्या पोटाला तुम्हीच सांगा सबुरी!"

"अहो, सल्ला तुमचाच ना?"

"माझाच! अक्कल गहाण टाकली होती मी. सही करा, नाहीतर इथून हलत नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि एका खोक्यापुरती सही केली. बाकीचा माल तसाच राहिला.

गोदामाचा अधिकारी जेवायला गेलेला. मी दारासमोर येरझारा घालत राहिले. तो आला तो कुरकुरतच, "एवढ्याशा खोक्यासाठी कुलूप उघडायचं?" आतून पेटले होते, तरी हात जोडले आणि कर भरून खोकं सोडवून घेतलं.

धाकटीच्या घरी बाटली तोंडात गेली आणि पोरगी गप्प झाली. गटागटा पीत सुटली. धाकटीच्या डोळ्यांना धार लागली. "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते उगाच नाही गं ताई."

"नको म्हणूस तसं," मी म्हटलं. "हा माल मीच अडकवला होता." आणि सगळं सांगून टाकलं.

वाटलं, ती ओरडेल, घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं वाटलं असतं मला. पोरीला खांद्यावर टाकून ती उठली, खोक्यातले चार डबे फळीवर ठेवले आणि उरलेलं खोकं पायाने माझ्याकडे सरकवलं.

"हे दुकानात नेऊन दे. काल रांगेत माझ्या मागे एक जण होती. तिला जुळी आहेत." पोरीची पाठ थोपटता थोपटता तिने विचारलं, "आणि कुलपात अजून किती खोकी आहेत?"

मी फोन काढून सबुरीशेठना लावला. उचलला नाही. खोकं काखेत मारलं, जिना उतरता उतरता पुन्हा लावला.